कंडक्टर भाऊंचं म्युझियम

"पुढे सरका जी, पुढे सरका! अंदर जागा खाली आहे!"

भामरागडच्या बाजाराला लागून असलेल्या जुन्या धान्याच्या गोदामाच्या दारात उभे राहून कंडक्टर भाऊ ही आरोळी ठोकायचे, तेव्हा आत बहुधा मी आणि कुणाची तरी चुकून शिरलेली शेळी एवढेच प्रेक्षक असायचो. तरी आम्ही दोघी पुढे सरकायचो. त्या आवाजात काहीतरी होतंच तसं. एसटीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण अंगातला कंडक्टर काही निवृत्त झाला नव्हता. खाकी शर्ट तोच, खांद्यावरच्या चामडी पिशवीचा पट्टा तोच, आणि बोलताना अंग एका बाजूला कलायचं, डावा हात सवयीने डोक्यावरचा दांडा शोधायचा. दांडा हाताला लागला नाही की त्यांना बोलायला सुचत नसे. म्हणून त्यांनी गोदामाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांब बांबूच आडवा बांधून घेतला होता. त्याला धरून, किंचित डोलत, ते एकेका वस्तूची माहिती सांगत जायचे. बघणाऱ्याला वाटायचं, रस्ता फार खराब आहे.

या गोदामाला ते म्युझियम म्हणायचे. म्युझियम फुकट होतं, पण बिनतिकीट कुणाला प्रवेश नव्हता. दारातल्या टोपलीत सागाची कोवळी पानं असायची. त्यातलं एक उचलायचं, तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा त्यावर चालवायचा आणि पान पाहुण्याच्या हातात द्यायचं, असा रिवाज. एकदा कुणी मोठे अधिकारी लवाजम्यासह आले आणि घाईघाईत सरळ आत शिरले. भाऊंनी त्यांना दारातूनच हाक मारली, "सायेब, टिकट! रस्त्यात चेकिंग लागली तं मी काय सांगू?" साहेब हसले, मागे आले, पान घेतलं. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की बोटं लाल होतात, हे त्या शहरी माणसाला ठाऊक नव्हतं. निघताना ते सगळ्यांशी हात मिळवत गेले आणि अर्ध्या गावाचे हात लाल करून गेले.

माणसांची नावं भाऊंच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. मी आश्रमशाळेत मराठीची शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. पहिल्या रविवारी गोदामात डोकावले तर आधी प्रश्न आला, "कुठून?"

"माजरी. भद्रावतीजवळ. वडील कोळसा खाणीत आहेत."

"माजरी!" भाऊंनी जणू मला उतरायचंच असल्यासारखी घोषणा केली. त्या दिवसापासून मी माजरी झाले. भर बाजारात हाक यायची, "ओ माजरी, आज टमाटे ताजे आहेत, घेऊन जाजो!" दवाखान्यातले तरुण डॉक्टर सातारा होते, बाजारातला चहावाला ताडगाव होता, बँकेतल्या बाई वर्धा होत्या. कुणाला त्याचं वाईट वाटत नसे. घरापासून इतक्या लांब दिवसातून एकदा तरी कुणीतरी आपल्या गावाचं नाव मोठ्याने घेतं, ते किती बरं वाटतं हे तिथे राहिल्यावरच कळतं.

भाऊ स्वतः कुरखेड्याचे. घरी धानाची शेती, बायको, मुलगा, सून. पण सगळी नोकरी आलापल्ली-भामरागड याच रस्त्यावर झाली. मुक्कामी गाडी घेऊन यायचे आणि सकाळी परत जायचे. त्याच गाडीत हे म्युझियम सुरू झालं. शहरातून भंगारवाले यायचे आणि लोकांच्या घरातले जुने पितळी दिवे, घडवलेल्या मूर्ती, लाकडी मापं किलोच्या भावाने घेऊन जायचे. एकदा एक म्हातारा आपला पितळेचा दिवा पोत्यात घालून विकायला निघाला होता. भाऊंनी पोतं उघडायला लावलं. दिवा पाहून त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं, "हे इकू नको बाबा. माह्याजवळ ठेव. सण आला, लगन आलं, का मंग येऊन घेऊन जाजो." म्हाताऱ्याने दिवा ठेवला, लग्नाला नेला आणि लग्नानंतर आपणहून परत आणून दिला. नुसता दिवाच नाही, बरोबर एक ढोलही आणला. हळूहळू गाडीच्या मागच्या सीटखाली जागा पुरेनाशी झाली. निवृत्तीनंतर ग्रामपंचायतीने रिकामं पडलेलं गोदाम दिलं आणि कुरखेड्याला परत जायचं भाऊंचं लांबत गेलं ते गेलंच.

संग्रहात काय नव्हतं? मासे धरायचे बांबूचे सापळे, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा, धान मोजायची मापं, शिकारीचे भाले, कोरीव फण्या, वाळल्या तुंब्याच्या पळ्या, आणि तऱ्हेतऱ्हेचे ढोल. काच कुठे नाही, दोरी कुठे नाही. "हात लावाले बंदी नाई," भाऊ सांगायचे, "हात नाई लावला तं थे चीज विसरून जाते का आपन कोनाची आहो." माहिती सांगताना मात्र त्यांची गाडी कधीकधी भलत्याच रस्त्याला लागायची. एका लाकडी फणीपाशी थांबून ते हमखास सांगत, ही फणी एका राजाने आपल्या राणीसाठी करवून घेतली. एक दिवस ही गोष्ट रंगात आलेली असताना कोपऱ्यात बसलेली एक माडिया आजी खुदकन हसली. ती मूळची लाहेरीची, म्हणून भाऊंसाठी ती लाहेरी आजी.

"खोटं सांगून राह्यला हा," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "कोनता राजा? माह्या नवऱ्यानं कोरली. पयली फनी मी त्याच्या डोक्यात हानून तोडली. मंग त्यानं ही कोरली."

भाऊ जराही ओशाळले नाहीत. "पाहा!" ते आम्हाला म्हणाले, "राजाच्या गोष्टीपेक्षा हे चांगली आहे का नाई?" आणि पुढच्या पाहुण्यापासून त्यांनी हीच गोष्ट सांगायला सुरुवात केली. आजीला बांबूच्या दांड्याजवळ कायमची जागा मिळाली. भाऊ चुकले की ती हसायची, आणि ती हसली की भाऊ विचारायचे, "काऊन लाहेरी? थांबा चुकला का माहा?"

भामरागडला तीन नद्या भेटतात. पर्लकोटा, पामुलगौतमी, इंद्रावती. पावसाळ्यात त्या भेटायच्या त्या एकमेकींना मिठी मारूनच. जुना पूल पाण्याखाली जायचा, रस्ता तुटायचा आणि पाणी बाजारात शिरायचं. गोदाम नेमकं त्या पाण्याच्या वाटेवर होतं. भिंतींवर दरसालच्या पुराच्या रेघा होत्या. एका पुरानंतर वरच्या कचेरीतून आलेल्या एका भल्या माणसाने भाऊंना समजावलं, इथे या वस्तू कुजून जातील, त्यापेक्षा चंद्रपूरला एक चांगला हॉल आहे, काचेची कपाटं आहेत, तिथे हलवू या. त्यात कसलाही वाईट हेतू नव्हता. भाऊंनाही ते पटत होतं, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणता येत नव्हतं.

"चूक नाई बोलून राह्यले थे," एकदा ते मला म्हणाले. "पन चंद्रपूरले ठेवलं तं लग्नाले ढोल कोन आनन? लाहेरी आपली फनी पाहाले कधी जाईन?"

पावसाळ्यानंतर हलवायचं, असं जवळजवळ ठरलं. त्याच सुमारास मला फोनवर एक बातमी दिसली. देशभरातल्या संग्रहालयांना आणि कलादालनांना वर्षातून एकदा पुरस्कार देणारी एक संस्था होती. उत्तम प्रदर्शन, उत्तम कलादालन, छोटं संग्रहालय, संग्रहाचं जतन, असे निरनिराळे पुरस्कार. मनात आलं, पुरस्कार मिळाला तर म्युझियम इथेच ठेवा असं म्हणायला तोंड राहील. मी छोट्या संग्रहालयाच्या पुरस्कारासाठी अर्ज भरायला बसले. आपल्या संग्रहालयाचं वैशिष्ट्य काय, या प्रश्नाला भाऊंनी क्षणभरही विचार न करता उत्तर दिलं, "लिही, कोनी बी चढू शकते."

आम्ही अंतिम फेरीत पोचलो. आता एक परीक्षक प्रत्यक्ष पाहायला येणार होत्या आणि त्यांनी कळवलेली तारीख होती भर ऑगस्टमधली. नको, दिवाळीनंतर या, हे सांगायला मी फोन हातात धरून शाळेमागच्या टेकडीवर चढले, पण नेटवर्क पावसाबरोबर गेलं होतं.

परीक्षकबाई आल्या त्या दिवशी सकाळपासून आभाळ फाटलं होतं. आदल्या दिवशीच पाणी चढू लागल्यामुळे भाऊंनी दरवर्षीसारखं सगळं म्युझियम घरोघरी वाटून टाकलं होतं. प्रत्येक घर आपापल्या वस्तू नेई आणि पूर ओसरला की आणून देई. बाई पुण्याच्या होत्या, जुन्या वस्तूंच्या जतनाच्या मोठ्या जाणकार. केस पांढरे, चष्मा जाड, रेनकोट पिवळा. आलापल्लीपासून हाडं खिळखिळी करत त्या आल्या आणि त्यांना दिसलं काय, तर उघडं गोदाम, चिखल, आणि आडव्या बांबूला धरून उभे असलेले भाऊ.

"संग्रहालय बंद आहे का?" बाईंनी विचारलं. माझा चेहरा पार पडला होता.

"बंद कायले राहीन जी? चालू आहे," भाऊ म्हणाले. "फक्त घरोघरी आहे. कुठून आल्या तुमी?"

"पुण्याहून."

"या पुणे, या! टिकट घ्या."

बाईंनी भोक पाडलेलं ओलं पान हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पुरस्कार मिळण्याची काही लक्षणं मला दिसली नाहीत. आज जे आहे ते पाहून परत निघते, असं त्या म्हणेपर्यंत कुणीतरी सांगत आलं की पूल बुडाला. म्हणजे आता पाणी उतरेपर्यंत पुणेही भामरागडचंच झालं.

बाई माझ्या क्वार्टरमध्ये राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून आमची म्युझियमची फेरी सुरू झाली. छत्र्या घेऊन, चिखल तुडवत, या घरातून त्या घरात. भाऊ पुढे, बाई मधे, मी मागे. एका घरात चुलीच्या वर धुराच्या वाटेत ढोल टांगलेला होता. बाई थबकल्या, जवळ गेल्या, चामड्याला नाक लावलं. "कीड नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "धूर लागतोय ना." त्यांनी पहिल्यांदा चष्मा पुसला. पुढच्या घरात मासे धरायचा सापळा होता आणि त्यात चक्क मासे होते. "हे वापरतात?" बाईंनी विचारलं. घरातली बाई म्हणाली, पाणी घरापर्यंत आलं आहे, मासेही आले आहेत, सापळा नुसता ठेवून काय करायचं? आम्हाला तिथेच जेवायला बसवलं. पुण्याच्या परीक्षकबाईंनी संग्रहातल्या वस्तूने पकडलेला मासा खाल्ला आणि काटा काढत म्हणाल्या, "हे मी अहवालात कसं लिहू?"

मग आल्या लाकडी घंटा. एका ओसरीत त्या ओळीने टांगल्या होत्या आणि सगळ्या लालभडक होत्या. एसटीच्या रंगाच्या.

"हे कुणी केलं?" बाईंचा आवाज बारीक झाला.

"मीच जी!" भाऊ छाती काढून म्हणाले. "ऑइल पेंट. दोन हात मारले. आता कीड लागतच नाई."

बाई ओसरीवर मटकन बसल्या. मग त्यांनी भाऊंना शेजारी बसवलं आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. या लाकडाला गुरांच्या मानेचा घाम लागलेला असतो, हाताचं तेल लागलेलं असतं, त्याचा स्वतःचा रंग असतो. त्यावर रंगाचा थर दिला की आतला ओलावा आतच राहतो आणि लाकूड आतून जातं. भाऊंचा चेहरा उतरत गेला. रंग काढता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं. "येईल. पण घाई करायची नाही," बाई म्हणाल्या. पावसाने आम्हाला कोंडून ठेवलं होतंच. तो दिवस आणि पुढचा दिवस ती दोघं ओसरीवर समोरासमोर बसून बांबूच्या पातळ पात्यांनी घंटांवरचा रंग खरवडत होती. एक घंटा मोकळी झाली तेव्हा भाऊंनी ती हलवून पाहिली. आवाज बदलला होता, खोल झाला होता. भाऊ लहान मुलासारखे हसले. "आयकलं का पुणे? घसा मोकळा झाला तिचा!"

त्याच ओसरीवर बाईंनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती वाटत होती. "भाऊ, या वस्तू तुम्ही अशा वाटून टाकता. उद्या एखादी परत आलीच नाही तर?"

भाऊंनी पातं खाली ठेवलं. "तं ज्याची होती त्याच्या घरी राह्यली," ते म्हणाले. "गेली कुठी?"

बाईंनी पुढची घंटा हातात घेतली.

त्यानंतरच्या सकाळी मात्र पाणी नेहमीच्या रेघेच्या वर चढलं. बाजाराकडच्या खालच्या ओळीतली घरं लोक भराभर रिकामी करू लागले. आम्ही वरच्या चढावर उभ्या होतो, मी आणि बाई. खाली चहावाला ताडगाव कमरेएवढ्या पाण्यातून येताना दिसला. डोक्यावर त्याने म्युझियममधला सर्वांत मोठा ढोल तोलून धरला होता. मागे त्याच्या टपरीत पाणी शिरलं होतं, किटल्या तरंगत होत्या. बाईंनी माझा दंड घट्ट धरला. ताडगाव चढावर आला, ढोल खाली ठेवला, धापा टाकत बसला. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या त्याला काहीतरी म्हणणार, इतक्यात भाऊ धावत आले आणि त्याच्यावर ओरडले, "अबे, शेगडी काऊन सोडली? सिलिंडर काऊन सोडलं? ढोल पोहते ना बे! शेगडी पोहते का?"

ताडगावने ढोलाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "हे तं माह्या ध्यानातच नाई आलं," तो म्हणाला.

आधी बाई हसल्या. मग ताडगाव. मग त्या भर पावसात चढावर उभे असलेले आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. भाऊ, ताडगाव आणि आणखी चार तरुण पुन्हा पाण्यात उतरले आणि शेगडी, सिलिंडर, सापडल्या तेवढ्या किटल्या घेऊन आले. दुपारी त्या शेगडीवर माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर चहा झाला, आणि बाईंनी ढोलाला टेकून तो प्यायला.

पाणी उतरलं. गोदामातला चिखल काढायला सगळं गाव आलं, बाईही पदर खोचून आल्या. दोन दिवसांनी वस्तू परत यायला लागल्या. कुणी हातात, कुणी डोक्यावर, कुणी ढोल वाजवतच. पोरं सापळे टोपीसारखे घालून नाचत आली. बाई दारात उभ्या राहून प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहत होत्या, पुसत होत्या, आत देत होत्या. सगळं आलं. वर आणखी काही आलं, जे आधी नव्हतं. एक जुनी बासरी, एक दगडी खल, एक लाकडी माप. कुणाच्या घरात म्युझियमची वस्तू चार दिवस पाहुणी राहिली की त्या घरालाही आपलं काहीतरी द्यावंसं वाटायचं.

"हे तर गेलं त्याच्यापेक्षा जास्त आलं!" बाई म्हणाल्या.

"दरसाल वाढतात उतारू," भाऊ म्हणाले.

पूल मोकळा झाला आणि पुणे पुण्याला गेली. जाताना पुरस्काराचा विषयही निघाला नाही. मी आशा सोडून दिली होती. हिवाळ्यात कार्यक्रमाचं बोलावणं आलं, अंतिम फेरीतल्या सगळ्यांना येतं तसं. भाऊ, लाहेरी आजी आणि मी मुंबईला गेलो. सभागृह असं की आजीने गालिच्यावर पाय ठेवण्याआधी चपला काढून हातात घेतल्या. देशभरातली मोठमोठी संग्रहालयं तिथे होती. छोट्या संग्रहालयाचा पुरस्कार जाहीर झाला आणि तो डोंगराळ भागातल्या दुसऱ्याच एका संग्रहालयाला गेला. मला रडू फुटणार होतं. भाऊ मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते. "माजरी, त्यायच्या पोरी पाहा किती खूश आहेत," ते म्हणाले आणि आजीला चहाची तलफ आली म्हणून तिला घेऊन बाहेर गेले.

आणि मग संग्रहाच्या जतनाचा पुरस्कार जाहीर करायला पुण्याच्या त्या बाई मंचावर आल्या. त्यांनी सांगितलं की या पुरस्कारासाठी अर्ज केला नव्हता अशा एका संग्रहालयाचं नाव परीक्षकांनी एकमताने इकडे घेतलं आहे. यंत्रांनी थंड ठेवलेल्या खोल्या त्यांनी खूप पाहिल्या आहेत, पण एक संग्रह असा पाहिला ज्याला सांभाळायला दर पावसाळ्यात अख्खं गाव उठतं. मग त्यांनी भामरागडचं नाव घेतलं. मी खुर्चीवरून उठले ती पायऱ्या उतरत बाहेर धावत सुटले. भाऊ चहाच्या टेबलापाशी वाढप्याला त्याचं गाव विचारत होते.

"भाऊ, आपल्याला मिळालं! चला!"

"काय मिळालं?"

"जतनाचा पुरस्कार!"

"आपल्याले?" भाऊंनी कप खाली ठेवला. "लाल रंगवाल्याले?"

मंचावर त्यांनी आजीला पुढे केलं आणि स्वतः मागे राहिले. बोलायची विनंती झाली तेव्हा डावा हात वर जाऊन दांडा शोधू लागला. दांडा नव्हता. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी आपला हात वर केला. भाऊंनी तो धरला आणि बोलले. "मी काई जतन नाई केलं जी. मी ठेवाले दिलं, लोकायनं ठेवलं. तुमी सगळे या एकदा. पावसाळ्यात येऊ नका. आन आलेच, तं घरी सांगून या का वापस कधी येऊ याचा नेम नाई." सभागृह हसून हसून कोसळलं. टाळ्या इतका वेळ चालल्या की आजीने घाबरून मला विचारलं, "आता काय आपल्याले नाचाव लागते?"

परत आलो तर पुलावर सगळं गाव ढोल घेऊन उभं होतं. आजीला तिथे खरोखरच नाचावं लागलं, भाऊंनाही, मलाही. चंद्रपूरला हलवायचा विषय निघाला नाही. उलट शाळेच्या वरच्या बाजूला, जिथे पाणी पोचत नाही, म्युझियमला दोन खोल्या मिळाल्या. आता वस्तू वाटायची गरज उरली नव्हती. तरी पुढच्या आषाढात लोक दाराशी आले आणि विचारू लागले, यंदा केव्हा देता? भाऊंनी दिल्या. त्यातच तो पुरस्कारही होता, संगमरवरी बैठकीवरचा जड पितळी कलश. तो घरी न्यायला कुणी तयार होईना, उपयोग काय त्याचा? शेवटी लाहेरी आजी घेऊन गेली. महिनाभराने मी तिच्याकडे गेले तर ती कलश बाजूला काढून त्या संगमरवरी बैठकीवर चारोळ्या फोडत बसली होती. भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं. कामी लागला."

पुढे माझी चंद्रपूरला बदली झाली. भाऊंनाही श्वासाचा त्रास सुरू झाला आणि मुलगा त्यांना कुरखेड्याला घेऊन गेला. म्युझियम आजीच्या नातसुनेने हाती घेतलं. भाऊंचा फोन यायचा तो तक्रारीचाच, इथे सगळे आपल्याच गावचे आहेत, कुणाला काय हाक मारू? गेल्या हिवाळ्यात धानाच्या खळ्यावर उन्हात बसलेले असताना ते गेले. बसल्या जागी, कुणाला त्रास न देता.

तेरवीला भामरागडची माणसं गाडी करून आली होती. जेवणं झाल्यावर ताडगाव आणि आजीची नातसून काकूंसमोर येऊन उभे राहिले. काकू म्हणजे भाऊंच्या पत्नी. इतक्या वर्षांत त्यांनी भामरागड पाहिलं नव्हतं. माडिया लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी गावाबाहेर दगड उभे करतात. आमच्या लोकांत भाऊंचा दगड लावायचा आहे, तुमची परवानगी हवी, असं नातसुनेने विचारलं. काकूंचे दीर काही बोलणार होते, पण काकूंनी हात वर केला.

"लावा," त्या म्हणाल्या. "इथी तं पाहुनेच होते थे. पन लावान तेव्हा मले नेजा."

दगड लागला त्या दिवशी मीही गेले. ढोल वाजत होते, मोठा स्वयंपाक झाला होता, पुण्याहून बाई आल्या होत्या. माणसांनी जाड दोर लावून तो लांबट दगड ओढत आणला आणि खड्ड्यात उभा केला. माती दाबली, पाणी शिंपडलं. लाहेरी आजीने काकूंचा हात धरून त्यांना पुढे आणलं. काकूंनी दगडाभोवती एक फेरी मारली, त्यावरून हात फिरवला आणि मान कलती करून पाहिलं.

"थोडा तिरपा लागला वाटते," ताडगाव संकोचून म्हणाला. "सरळ करतो काकू."

"नको," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसल्या. "सरळ केला तं थे वाटनार नाई."